डास कोणता, आणि विचारलं कुणाला?

हा भाग नेहमीपेक्षा मोठा आहे, आणि त्यात नावं, सालं बरीच आहेत. म्हणून ऐकताना काही सुटलं तर वाचता यावं यासाठी पूर्ण मजकूर इथे देतोय. मुलचेऱ्यात तालुक्यातल्या मुलामुलींसमोर जे बोललो, ते जवळपास तसंच ठेवलंय. अडखळलेली वाक्यं तेवढी सरळ केलीत.

तर सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. आपल्या हिवतापावर सध्या कोण कोण काम करतंय?

तुम्ही म्हणाल, आशाताई. बोटाला सुई टोचून किटवर रक्त तपासतात, गोळ्या देतात. बरोबर. मग फवारणीवाले, औषधाच्या मच्छरदाण्या वाटणारे, आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि काचपट्टी बघणारे तंत्रज्ञ. काही गावांत अजून आधी पुजाऱ्याकडे जातात, तोही या यादीत धरा. पण यादी इथे संपत नाही. याच तापावर अमेरिकेत सॅन डिएगोला काम चालू आहे, लंडनला आहे, बंगळुरूला आहे. आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, तिथेही परवापरवापर्यंत होतं. त्यातली काही मंडळी ताप आल्यावर द्यायच्या औषधाच्या मागे आहेत, आणि काही थेट डासाच्या मागे. डास मारायच्या नाही, डास बदलायच्या.

याला सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात. मराठीत कृत्रिम जीवशास्त्र, संश्लेषित जीवशास्त्र असे शब्द छापून येतात, पण ते ऐकून कुणालाच काही कळत नाही, म्हणून मी आपला सिंथेटिक बायोलॉजीच म्हणतो. अर्थ इतकाच, की सजीवाच्या आत जो मजकूर लिहिलेला असतो, म्हणजे जनुकं, तो वाचायचा, आणि आपल्याला हवं ते काम तो जीव करेल अशा तऱ्हेने नव्याने लिहायचा.

औषधाची गोष्ट आधी उरकतो, कारण ती सोपी आहे आणि होऊन गेलेली आहे. मेंदूत जाणारा जो ताप असतो, फॅल्सिपॅरम, त्यावर आशाताई ज्या गोळ्या देतात त्यात आर्टेसुनेट असतं. ते बनतं आर्टेमिसिनिनपासून, आणि आर्टेमिसिनिन मिळतं आर्टेमिसिया नावाच्या एका झुडपापासून. चीनच्या तू यूयू बाईंनी ते शोधलं, २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. झाड शेतात वाढवायचं म्हणजे भाव वरखाली. एखाद्या वर्षी माल जास्त, एखाद्या वर्षी टंचाई. म्हणून कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जे कीसलिंग यांच्या गटाने या झाडाची जनुकं यीस्टमध्ये घातली. यीस्ट म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मोहाच्या सडव्यात जे जीव दारू तयार करतात, त्यांचेच भाऊबंद. (हसू नका, जिल्ह्यात दारूबंदी आहे हे मलाही माहीत आहे.) तर हे यीस्ट साखर खाऊन औषधाचा कच्चा माल तयार करायला लागलं. २००६ साली पहिलं यश, २०१३ साली भरपूर उत्पादन. पैसा गेट्स फाउंडेशनचा, कारखाना सानोफी या फ्रेंच कंपनीचा, इटलीत. सिंथेटिक बायोलॉजीचं पहिलं मोठं यश म्हणून जगभर कौतुक झालं.

आणि मग बाजारात ते चाललं नाही. झाडापासून निघणाऱ्या आर्टेमिसिनिनचा भाव इतका पडला, की कारखान्यातला माल महाग ठरला. सानोफीने तो कारखाना विकून टाकला. चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिकेतले हजारो शेतकरी ते झाड लावतात. यीस्टचा प्रयोग सुरू करताना त्यांना कुणी विचारलं होतं का, की बाबांनो, तुमच्या शेताचं काम आम्ही टाकीत करणार आहोत, तुमचं काय म्हणणं? त्यांच्या बाजूने टीका करणाऱ्या संस्था बोलल्या, पण त्या नंतर. हा "नंतर" लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत तो पुन्हापुन्हा येणार आहे.

आता डास.

तुमच्या आईच्या एका गुणाची दोन जनुकं असतात. त्यातलं तुम्हाला कुठलं मिळणार, हा नाणेफेकीचा खेळ. छापा किंवा काटा, निम्मे-निम्मे. डासांचंही तसंच. म्हणून प्रयोगशाळेत एखादं नवं जनुक घालून डास सोडला, तर पिढ्यांमागून पिढ्या ते विरळ होत जातं. जीन ड्राइव्ह म्हणजे नाण्यात केलेली लबाडी. हे नाणं कसंही उडवा, छापाच पडतो. नवं जनुक स्वतःच शेजारच्या जुन्या जनुकाला कापतं आणि तिथे आपली नक्कल बसवतं. त्यामुळे पिल्लांत ते निम्म्यांत नाही, जवळपास सगळ्यांत जातं. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या अँथनी जेम्स, इथन बियर आणि व्हॅलेंटिनो गँट्झ यांच्या गटांनी हे हिवतापाच्या डासात करून दाखवलं. त्यांना डास संपवायचा नव्हता. डास राहील, चावेल, पण हिवतापाचा जंतू त्याच्या अंगात वाढणार नाही, अशी त्यांची कल्पना. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाची कल्पना वेगळी. मादी वांझ होत जाईल असं जनुक पसरवायचं, म्हणजे डासांची संख्याच कोसळेल. २०१८ साली त्यांनी पिंजऱ्यात हे करून दाखवलं, सात ते अकरा पिढ्यांत पिंजरा रिकामा.

डासाची पिढी किती दिवसांची, ते आठवा. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे.

बरं, यात भारत कुठे? २०१६ साली टाटा ट्रस्ट्सनी सात कोटी डॉलर देऊन टाटा इन्स्टिट्यूट फॉर जेनेटिक्स अँड सोसायटी उभी केली. तिचा एक पाय सॅन डिएगोच्या विद्यापीठात, दुसरा बंगळुरूत. नावात "सोसायटी" हा शब्द आहे, म्हणजे समाज. तंत्रज्ञान तयार करताना समाजाचंही बघायचं, असं तिथे नावातच म्हटलंय. चांगली गोष्ट आहे. मी टोमणा मारत नाहीये. पण मग समाजाने, म्हणजे आपण, प्रश्नही विचारायला पाहिजेत ना.

पहिला प्रश्न मी तुमच्या वतीने विचारतो. डास कोणता?

कॅलिफोर्नियात ज्याच्यावर काम झालं तो अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी. हा शहराचा डास. मुंबईतल्या इमारतींवरच्या टाक्या, विहिरी, बांधकामावरचं साचलेलं पाणी, तिथे त्याचं घर. आपल्याकडे ताप पसरवणारे मुख्य दोन वेगळे. एक अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस, तो धानाच्या बांध्यांत, नदी आटत आली की वाळूतल्या डबक्यांत अंडी घालतो. दुसरा फ्लुव्हिएटिलिस, तो जंगलातल्या हळू वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठचा. त्यातही क्युलिसिफेसीस म्हणजे एकच डास नाही. दिसायला सारख्या पाच जाती आहेत, शास्त्रज्ञ त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात, आणि सगळ्या सारख्याच ताप पसरवत नाहीत. त्यांतले पुष्कळ डास माणसापेक्षा गुराढोरांवरच जास्त बसतात. म्हणजे उद्या कुणी मोठ्या थाटात म्हणालं, की हिवतापावर जीन ड्राइव्हचा उपाय सापडला, तर तो मुंबईच्या डासावरचा असेल. मुलचेऱ्याच्या जंगलातला डास त्या उपायाच्या गावीही नसेल.

हा प्रश्न विचारायला पीएच.डी. लागत नाही. ज्याच्या बांधीत डास होतो त्याला तो आपोआप सुचतो. लोकांना आधी विचारावं असं मी म्हणतो ते त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हे. त्यांना जे माहीत असतं ते प्रयोगशाळेत माहीत नसतं, म्हणून.

आता जुनी गोष्ट. ती मला फार महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे ती जवळजवळ कुणालाच माहीत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीत एक मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू होता. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, दोघांचा मिळून. पैसा अमेरिकेचा. नाव, जेनेटिक कंट्रोल ऑफ मॉस्किटोज युनिट. म्हणजे डासांचं आनुवंशिक नियंत्रण, आणि तेही पन्नास वर्षांपूर्वी. तेव्हा जनुकं कापायची कात्री नव्हती. ते नर डासांना रसायनाने किंवा संकराने नपुंसक करायचे आणि दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत सोडायचे. नर चावत नाही, मादी त्याच्याशी जोडी करते, अंडी फुकट जातात. कल्पना उत्तम. त्या काळात जगात डासांवरचं यापेक्षा मोठं असं काम फार थोड्या ठिकाणी चाललं होतं.

पण लोकांना सांगायचं राहिलं. १९७४ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पिवळ्या तापाचा डास, एडिस इजिप्ती, त्याचा अभ्यास अमेरिकेच्या पैशाने भारतात का? भारतात पिवळा ताप नाहीच. मग हा जैविक युद्धाचा अभ्यास आहे का? डास नपुंसक करायला जे रसायन वापरतात, थायोटेपा, ते कर्करोग करतं म्हणतात, ते खेड्याच्या विहिरीत जाणार नाही कशावरून? संसदेत गदारोळ झाला. लोकलेखा समितीने १९७५ साली कडक अहवाल दिला. हरियाणातल्या सोनीपत शहरात एडिस डासांचा मोठा प्रयोग अगदी व्हायच्या बेतात होता, तो रद्द झाला. त्याच वर्षी अख्खं युनिट बंद पडलं.

युद्धाचा आरोप कधी सिद्ध झाला नाही. आणि पिवळ्या तापाचा असला तरी तोच डास डेंग्यूही पसरवतो, त्यामुळे त्याचा अभ्यास निरर्थक नव्हता. पण मला वाटतं, बातम्यांमधला एक प्रश्न रास्त होता. देशात हिवताप पुन्हा उसळत असताना तुम्ही कुठल्या डासाला आधी धरलंत, आणि ते कुणी ठरवलं? पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, देशात हिवतापाचे ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञांकडे असेलही. पण ते त्यांनी वेळेवर, लोकांना कळेल असं, कुठेच दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटना तर बराच काळ गप्पच राहिली. गप्प बसणाऱ्यावर लोक संशय घेतात, त्यात नवल काय? परिणाम असा, की चांगलं कामही गेलं आणि वाईट शंकाही तशीच राहिली. त्यानंतर कित्येक वर्षं भारतात या विषयाला कुणी हात लावायला धजत नव्हतं.

आता महाराष्ट्रात येऊ. जालना जिल्ह्यात दावलवाडी आहे, बदनापूर तालुक्यात. २०१७ च्या जानेवारीत तिथे जनुकं बदललेल्या डासांच्या चाचण्या सुरू झाल्याचं जाहीर झालं. डास ऑक्सिटेक या इंग्लंडच्या कंपनीचे, इथली भागीदार जालन्याची जीबीआयटी, म्हणजे ज्या बारवाले कुटुंबाने महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली त्यांच्याच घरातली. डास एडिस, डेंग्यू-चिकनगुन्याचा. चाचण्या उघड्यावर होत्या, पण जाळीच्या बंद पिंजऱ्यांत. या डासाचं पिल्लू अळी असतानाच मरतं. हा जीन ड्राइव्ह नाही. सोडणं थांबवलं की काही पिढ्यांत सगळं विरून जातं. प्रकरण पिंजऱ्याच्या पुढे, खुल्या हवेत गेलं नाही. तुमच्यापैकी किती जणांनी याआधी दावलवाडीचं नाव ऐकलं होतं? (दोन हात वर आले. त्यातला एक जालन्याचा जावई निघाला.)

याच कंपनीची अमेरिकेतली गोष्ट ऐका. फ्लोरिडाच्या टोकाला बेटांची रांग आहे. तिथल्या की हेवन नावाच्या छोट्या वस्तीत हे डास सोडायचं ठरत होतं. केंद्रातल्या खात्याची हरकत नव्हती. पण लोक म्हणाले, आधी मत घ्या. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, ज्या दिवशी ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले त्याच दिवशी, मतपत्रिकेवर हाही प्रश्न होता. अख्ख्या काउंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं धरा, हो म्हटलं. खुद्द की हेवनने नाही म्हटलं. मत बंधनकारक नव्हतं, तरी की हेवनमध्ये डास सोडले नाहीत. २०२१ साली त्याच बेटांवर दुसरीकडे सोडले.

जिल्हा हो म्हणतो, गाव नाही म्हणतं. गडचिरोलीत राहणाऱ्याला यावर आणखी समजावून सांगायची गरज नाही.

आता बुर्किना फासो. टार्गेट मलेरिया नावाचा प्रकल्प, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या पुढाकाराने, पैसा मुख्यतः गेट्स फाउंडेशनचा. यांनी दिल्लीच्या चुकीतून धडा घेतला होता असं दिसतं. २०१९ च्या जुलैमध्ये त्यांनी बाना नावाच्या गावात सहा हजारांहून जास्त वांझ नर डास सोडले. जीन ड्राइव्हचे नाहीत, आधी साधे. पण त्याआधी कित्येक वर्षं ते गावात बसत होते. सभा घेत होते, डास दाखवत होते. एक काम मला फार आवडलं. तिथे दिउला ही बोली चालते. तिच्यात "जनुक" हा शब्दच नव्हता. मग त्यांनी भाषेचे जाणकार आणि गावकरी एकत्र बसवून शब्द तयार केले. परीक्षेत लिहायचे शब्द नाहीत, बाजारात बोलायचे.

तरीही सगळे खूश नव्हते. राजधानीत विरोधात मोर्चे निघाले. टीकाकारांचं म्हणणं असं, की प्रकल्प राबवणाराच लोकांना समजावून सांगणार असेल, तर तो धोके किती सांगेल? मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. खत विकणाऱ्यानेच शेतकऱ्याला खताचं प्रशिक्षण द्यावं, तसं झालं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या लष्करी सरकारने अख्खा प्रकल्प बंद केला, नमुने नष्ट करायला सांगितले. पण मग बानाच्या लोकांनी इतकी वर्षं ऐकलं, विचारलं, शेवटी हो म्हटलं, त्या होकाराचं काय झालं? दिल्लीत लोकांना विचारलं नाही म्हणून काम बुडालं. इथे विचारूनही बुडालं, कारण निकाल सत्तेने दिला. दोन्हींत गाव बाहेरच.

याच्या उलटही होतं, आणि ते विदर्भाला चांगलं ठाऊक आहे. २०१० साली बीटी वांग्याचा प्रश्न आला, तेव्हा पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यातलं एक नागपूर. सातही ठिकाणी मिळून आठेक हजार लोक आले. शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपन्या, विरोधक, नुसती आरडाओरड. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी वांगं थांबवलं. एवढ्या मोकळेपणाने एखादं तंत्रज्ञान लोकांपुढे ठेवल्याचं दुसरं उदाहरण आपल्याकडे मला दिसत नाही. पण नीट बघितलं तर प्रश्न लोकांपुढे आला कधी? बियाणं तयार झाल्यावर, दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दिल्यावर. पुन्हा तेच, "नंतर". आणि ज्यांना ते हवं होतं त्यांचाही निकाल त्यांच्या मनासारखा लागला नाही. म्हणून पुढे काय झालं? परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं विदर्भात घरोघर पोचलं. लोक त्याला "चोर बीटी" म्हणतात. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरलं. त्यांच्याशी मी सहमत असेन-नसेन, पण मुद्दा समजून घ्या. विचारणं म्हणजे फक्त "नाही" ऐकून घेणं नव्हे. लोकांना "हो" म्हणायचं असेल आणि त्यासाठी दारच नसेल, तर ते कुंपणावरून उडी मारतात.

आता आपल्या घरी येतो. आज भारतात जीन ड्राइव्हचा एकही डास मोकळ्या हवेत नाही. त्यामुळे कुणी घाबरून जाऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर "गडचिरोलीत जनुकीय डास सोडले" असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पण समजा पंधरा वर्षांनी क्युलिसिफेसीसवरचा डास तयार झाला. कोण विचारणार, कुणाला विचारणार?

कायदा बघा. जनुक बदललेला कुठलाही जीव सोडायचा असेल, तर १९८९ च्या नियमांनुसार दिल्लीतल्या पर्यावरण मंत्रालयाची समिती ठरवते. पिकांच्या खुल्या चाचण्यांसाठी २०११ पासून राज्याचं ना-हरकत पत्र लागतं, म्हणजे मुंबईचं. गावाचं? पेसा कायदा ग्रामसभेला गौण वनोपज देतो, तेंदू, बांबू, मोह. गौण खनिज देतो, जमीन घेताना विचारायला लावतो. त्या यादीत डास नाही. तो कुणाच्या डोक्यातच आला नसेल. पण वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामसभेकडे जैवविविधता राखण्याचं काम दिलंय. जंगलातल्या एका जातीची जनुकं कायमची बदलायची, हा जैवविविधतेचा प्रश्न नाही तर काय? मी वकील नाही. पण तुमच्यातला एखादा कायदा शिकत असेल, तर त्याने हे कलम उघडून बघावं.

धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, तुम्हाला माहीतच आहे. २००९ साली साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेलं गाव. तिथली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे अभ्यासगट. ग्रामसभेत निर्णयाला बसण्याआधी लोक वेगळे बसून विषयाचा अभ्यास करतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, प्रश्न विचारतात. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही बहुमताने नाही, सगळ्यांच्या सहमतीने. लंडनची मंडळी आफ्रिकेत जे उभं करायला लाखो डॉलर खर्चत होती, त्याचा सांगाडा आपल्या जिल्ह्यात आधीपासून आहे. आणि तो बाहेरून आलेल्या प्रकल्पाच्या पगारावर चालत नाही, म्हणून बुर्किना फासोतला तो आक्षेप इथे लागू पडत नाही.

पण दोन अडचणी आहेत, आणि त्या मला सोडवता आलेल्या नाहीत.

एक, डासाला शिवार कळत नाही. मेंढ्याने बांबूचं ठरवलं तर ते मेंढ्याच्या जंगलापुरतं असतं. जीन ड्राइव्हचा डास एका गावाने "या" म्हटलं की शेजारच्या गावात न विचारता जातो. समजा मुलचेरा तालुका हो म्हणाला आणि एटापल्ली नाही. पुढे पूर्वेला छत्तीसगड, प्राणहिता-गोदावरी ओलांडली की तेलंगणा. सगळ्यांची सहमती हवी म्हटलं, तर एका गावाच्या नकाराने सगळ्यांचा उपाय अडेल, आणि पावसाळ्यात लेकरं तापाने फणफणत राहतील. बहुमत म्हटलं, तर ज्याचं जंगल त्याचा नकार पायाखाली. यातला कुठला अन्याय कमी, हे मला सांगता येत नाही. ज्यांना सहज सांगता येतं त्यांच्याकडे मी जरा संशयाने बघतो.

दुसरी अडचण भाषेची. एकट्या मुलचेरा तालुक्यात बघा. मराठी, माडिया, तेलुगू आणि बंगाली. सुंदरनगर, विवेकानंदपूरसारखी गावं पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची. त्यांची धानाची शेती, मासळीची तळी, म्हणजे साचलेलं पाणी आलंच, आणि त्या पाण्यात डासाची अळी खाणारे मासेही आले. पाण्याबद्दल आणि माशांबद्दल या लोकांइतकं कुणाला कळतं? पण सरकारी पत्रक येतं ते मराठीत. तेही असं मराठी, की मला दोनदा वाचावं लागतं. "जनुकीयदृष्ट्या परिवर्तित कीटक" असं वाचून कुणाची आजी काय समजणार आणि काय हो-नाही म्हणणार?

आणि हे काम प्राध्यापकांनीच करायला पाहिजे असं नाही. आयजेम नावाची विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, अगदी याच विषयातली. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या मुलांनी २०२० साली तिथे हिवतापावरचाच प्रकल्प नेला होता. त्या स्पर्धेत नुसता प्रयोग चालत नाही. ज्यांच्यासाठी करताय त्या लोकांशी बोललात का, त्यांच्या बोलण्याने प्रयोगात काय बदललं, हेही परीक्षक बघतात. पुण्याची मुलं आली तर बोलायला इथे कुणीतरी लागेल ना. किंवा उलटं, तुम्हीच एखाद्या गटात का नाही?

म्हणून आजचा गृहपाठ. मी मराठीत जनुक म्हणतो, पण बोलताना आपण काय म्हणतो? "वाण" म्हणतो, "रक्तातच आहे" म्हणतो, "बापावर गेला" म्हणतो. आता घरी जाऊन विचारा. पोरगी आईसारखी दिसते, तेव्हा आईकडून तिच्यात जे आलं त्याला माडियात काय म्हणतात? बंगालीत आजी काय म्हणते, तेलुगूत मामा काय म्हणतो? पुस्तकातला शब्द नको, चुलीजवळचा पाहिजे. एक मिनिटाचा आवाजी मेसेज रेकॉर्ड करा, गावाचं नाव आणि भाषा सांगा, आणि पाठवा. पुढच्या भागात ते शब्द ऐकवतो आणि त्यांच्यातूनच डासाची ही गोष्ट पुन्हा सांगून बघतो. माडियावाल्यांनो, तुमच्याकडून जास्त अपेक्षा आहे, कारण त्या भाषेतला एकही शब्द मला अजून कुठल्या पत्रकात सापडलेला नाही.